पोरांचा फुटबॉल क्लास, कळंबा साइड : दीड वर्षाचा अनुभव (४ स्टार)

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणींनी फोन करून विचारलं की तुमची पोरगी जाते तो क्लास कसा आहे ओ, घालू काय आमच्या पोराला, फी किती, सर कसे आहेत, आणि प्रत्येकीला मी अर्धा अर्धा तास तेच सांगत बसले, म्हणून आता इथंच सगळं लिहून टाकते. आमची लेक सातवीत आहे, इथं येऊन दीड वर्ष झालं. फुटबॉल शिकवणारे कोल्हापुरात बरेच मिळतील, आपल्या गावाला त्याची कमी नाही. पण समोरच्या टीमची पोरं घाण बोलायला लागली, रंगावरनं, जातीवरनं, पोरगी आहे म्हणून, तर त्या वेळी पोरानं काय करायचं, कॅप्टननं काय करायचं, सरांनी काय करायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या आई-बापांनी काय करायचं, हे सगळं ठरवून शिकवणारा क्लास मी तरी हा पहिलाच बघितला. त्यामुळं थोडं लांब लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी साधी माहिती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, सकाळी ६ ते ७:३०, म्हणजे पोरं शाळेला वेळेत पोचतात. महिन्याला १,२०० रुपये, प्रवेशाचे ५००, किटचे ९०० (जर्सी, शॉर्ट, मोजे), बूट आणि शिनपॅड आपले आपण घ्यायचे. ९ ते १५ वयाची चाळीसभर पोरं आहेत, आम्ही घातली तेव्हा मुली ३ होत्या, आता ११ आहेत. शिकवायला एक सर आणि एक मॅडम. सर तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमकडनं खेळलेले, मॅडम विद्यापीठाच्या टीममधनं. मैदान मातीचं आहे, गवत नावाला.

फुटबॉलच का, असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात. अहो, शाहू स्टेडियमवर सीझनला पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या आपल्या दोन लोकल टीमची मॅच असली की अर्ध्या पेठा रिकाम्या होतात, आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला त्यात आपला अनिकेत जाधव खेळला तेव्हा आमची लेक अगदी लहान होती, तिला काही कळत नव्हतं पण घरात सगळे ओरडतात म्हणून तीपण ओरडायची. पुढं चौथीत असताना चुलत भावांनी तिला गल्लीत गोलात उभी केली, कारण लहानांना गोलातच उभं करतात, आणि ती तिथनं हललीच नाही. उंच आहे, हात लांब आहेत, बॉलला घाबरत नाही. मग म्हटलं नीट शिकू दे.

आता मेन गोष्ट. क्लासला घातल्यावर पाच-सहा महिन्यांनी पहिली स्पर्धा आली, १३ वर्षांखालची, सात-सात जणांची, मुलं-मुली मिक्स टीम चालेल असं आयोजकांनी आधीच सांगितलेलं. आमच्या टीममध्ये दोन मुली, त्यातली एक गोलात म्हणजे आमची. दुसरी मॅच ज्या टीमशी होती तिचं नाव मी इथं घेणार नाही, आज ती पोरं चौदा वर्षांची आहेत आणि उद्या सुधारतीलही. वॉर्मअपपासनंच सुरू झालं. ए भाकरी थाप जा, ए पोरगी गोलात ठेवलीया आज दहा मारू, इथपर्यंत ठीक, म्हणजे ठीक नाहीच पण एवढं मी धरून चालले होते. मॅच सुरू झाल्यावर कॉर्नरच्या वेळी त्यांचा एक जण मुद्दाम तिच्या अंगाला चिकटून उभा राहायचा आणि कानात काहीतरी बोलायचा, आणि ती प्रत्येक वेळी त्याच्याकडं बघायची आणि बॉलकडं बघायचं विसरायची. दोन गोल असेच खाल्ले. त्यांचे पालक आमच्या शेजारीच उभे होते, त्यातला एक जण हसत हसत म्हणाला, पोरीचा रंग बघून तरी उन्हात आणायची नाही. माझ्याकडं बघून म्हणाला. मी तिची आई आहे हे त्याला माहीत होतं.

मला तिथंच भांडायचं होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते. पण मॅडमनी लांबूनच हातानं थांबा अशी खूण केली आणि मी थांबले, का थांबले ते मला आजही सांगता येत नाही, बहुतेक त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती म्हणून.

मॅच ४-० नं हरलो. संपल्यावर बाकीचे क्लास करतात तसं पोरांना झाडाखाली बसवून चुका सांगायला सुरुवात होईल असं वाटलं होतं. सरांनी टीमला केळी आणि पाणी दिलं आणि मॅडम आमच्या लेकीला बाजूला घेऊन बसल्या, पिशवीतनं एक शंभर पानी वही काढली, साधी शाळेची, वर काही लिहिलेलं नाही, आणि विचारलं, नेमका शब्द काय होता? किती वेळा बोलला? कितवा नंबर? अजून कुणी ऐकलं?

ती गप्प. माझ्याकडं बघितलं. मॅडम मला म्हणाल्या, ताई तुम्ही जरा पलीकडं जाता काय, आईसमोर तो शब्द तिला बोलता येत नाहीये.

मी पलीकडं गेले. लांबनं बघत होते. ग्लोव्हज तिच्या मांडीवर होते, ओले, लाल माती लागलेली, ती बोलत नव्हती, नुसती एक एक बोट उलटं करून सरळ करत होती, मॅडमनी परत विचारलंसुद्धा नाही, नुसत्या पेन धरून बसल्या. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग तिनं त्यांच्या हातातनं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. तो शब्द मी आजपर्यंत वाचलेला नाही, मला वाचायचापण नाही. पण वही मिटल्यावर ती उठली आणि पहिलं काय बोलली तर आई, केळं राहिलंय काय.

घरी येऊन आमच्या ह्यांचं आणि माझं एकच मत, बंद करायचं. सासूबाई म्हणाल्या, कशाला बंद, तिला सांगा लक्ष देऊ नको म्हणून. आपण सगळे हेच सांगतो ना? लक्ष देऊ नको. कुत्री भुंकतात. हत्तीनं चालत राहावं. मलापण लहानपणी हेच सांगितलं होतं, मी शाळेत कबड्डी खेळायची, आठवीत सोडली, कुणी विचारलंसुद्धा नाही का सोडली. दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून सांगितलं की आम्ही काढतोय तिला. ते म्हणाले, काढा, तुमचा निर्णय, पण लक्ष देऊ नको असं तेवढं तिला सांगू नका, कारण लक्ष गेलेलं आहे, ते जाणारच, तिनं ऐकलं ही काही तिची चूक नाही. ऐकल्यावर काय करायचं ते आम्ही शिकवतो, महिनाभर द्या.

त्या वहीतनं एक अर्ज तयार झाला. तारीख, मॅच, कितवं मिनिट, जर्सी नंबर, शब्द, ऐकणारे कोण. त्यावर सरांची, मॅडमची आणि आमच्या कॅप्टनची सही, तेरा वर्षांच्या पोराची सही! तो आयोजकांना दिला. समोरच्या टीमच्या कोचचं म्हणणं, पोरं हाइत, चालतंय की, आमच्या वेळी तर आई-बहिणीवरनं चालायचं. पण लेखी असल्यामुळं आयोजकांना काहीतरी करावंच लागलं, पुढच्या मॅचच्या आधी दोन्ही कॅप्टनना आणि दोन्ही कोचना बोलवून सांगितलं गेलं की असं परत झालं तर कार्ड. एवढंच झालं. त्या पोराला शिक्षा वगैरे काही झाली नाही. मला ते कमी वाटलं, अजूनही वाटतं.

आता ते महिनाभरात काय शिकवतात ते सांगते. याला पोरं गोंधळ प्रॅक्टिस म्हणतात. शनिवारी शेवटची वीस मिनिटं. एक जण पेनल्टी मारणार किंवा अडवणार आणि बाकीची सगळी टीम गोलाच्या मागं उभी राहून नुसता दंगा, शिट्ट्या, टाळ्या, डबा वाजवणं, चुकणार चुकणार, अरे बूट बघ, सगळं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला की हे काय, आपलीच पोरं आपल्या पोराला त्रास देतायत. पण त्याला नियम आहेत आणि ते नियम पोरांनीच बसून ठरवलेत. खेळावरनं बोलायचं. अंगावरनं, रंगावरनं, जातीवरनं, धर्मावरनं, आई-बहिणीवरनं, बोलीवरनं, पैशावरनं नाही. जो चुकून बोलेल त्यानं खाली बसायचं आणि पुढचा शनिवार बॉल गोळा करायचे. त्यामुळं झालंय काय की पोरांना फरक कळायला लागलाय. समोरचा म्हणाला तुझी किक लई मऊ आहे, तर तो टोमणा, तो खेळाचा भाग, त्याला उत्तर पुढच्या किकनं. समोरच्यानं आडनाव काढलं, रंग काढला, तर ती शिवी, तिथं आपण एकट्यानं काही करायचं नाही, ते काम टीमचं.

टीमचं म्हणजे कसं, तेपण ठरलेलं. ज्याला बोललं गेलं त्यानं उलट बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, फक्त आपल्या कॅप्टनला नाव घेऊन हाक मारायची. जो जवळ असेल त्यानं येऊन शेजारी उभं राहायचं, फक्त उभं राहायचं. कॅप्टननं बॉल थांबल्यावर रेफ्रीकडं जायचं, हात मागं बांधून सांगायचं की सर, अमुक नंबर असं असं बोलला. बेंचवरनं मॅडम वेळ लिहिणार. आई-बापांनी लाइनच्या बाहेर तोंड बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मी सांगते. आमच्यातल्या एका बाबांना दोनदा घरी पाठवलंय.

माझी एक शंका होती, ती सरांना विचारली पण, की अहो पोरांना इतकं कशाला सांगायचं, खेळू दे की. त्यावर ते मला म्हणाले, ताई, ऑफसाइड शिकवतो तसंच हे शिकवतो, हापण नियमच आहे. आणि खरंच आहे. फुटबॉलचा बारावा नियम फाउलचा, त्यात स्पष्ट आहे की अपमानास्पद, शिवीगाळ करणारी भाषा किंवा हावभाव केले तर थेट लाल कार्ड, पिवळंसुद्धा नाही. मला वाटायचं लाल कार्ड म्हणजे तंगडी मारल्यावर. आणि २०१९ पासनं कोचलापण कार्ड दाखवता येतं, बेंचवरनं कोण बोललं हे ओळखता आलं नाही तर तिथल्या सगळ्यात सीनियर कोचला दाखवतात. ही गोष्ट आमच्या पोरांना पाठ आहे. दहा वर्षांचं पोरगं येऊन मला सांगतंय, काकू, बाराव्या नियमात आहे ते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की मैदान बंद, मग शेडमध्ये बसवतात आणि तिथं गोष्टी होतात. मी दोन-तीन वेळा डबा द्यायला गेले आणि तिथंच थांबून ऐकलं. एक दिवस क्रिकेटमधल्या मोहम्मद सिराजची गोष्ट होती, जानेवारी २०२१, सिडनीची टेस्ट, प्रेक्षकांतनं त्याला घाण बोलत होते, त्यानं काय केलं, कॅप्टनला सांगितलं, रहाणेनं अंपायरला सांगितलं, खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं. आणि पुढच्या ब्रिस्बेनच्या टेस्टमध्ये दुसऱ्या डावात त्यानं पाच विकेट काढल्या. सरांनी विचारलं, यात भारी काय? पोरं म्हणाली पाच विकेट. सर म्हणाले, कॅप्टनला सांगितलं ते. विकेट नसत्या मिळाल्या तरी ते भारीच होतं. हे मला लई पटलं, कारण आपण नेहमी सांगतो की खेळून उत्तर दे, म्हणजे पोरानं शिवीपण खायची आणि वरनं जिंकूनपण दाखवायचं, हरलं तर शिवी बरोबर होती असं होतं काय?

हॉकीतल्या वंदना कटारियाचीपण गोष्ट सांगितली. टोकियो ऑलिंपिकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक, ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय बाई, आणि सेमीफायनल हरल्यावर तिच्या गावाकडं घरासमोर जाऊन जातीवरनं बोलले, फटाके उडवले. मुली एकदम शांत झाल्या होत्या ऐकताना. आणि जुन्या काळातले दलित क्रिकेटर पळवणकर बाळूंची. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराच्या वर विकेट काढलेला माणूस, पुण्यात खेळायचा तेव्हा बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातनं चहा प्यायचे आणि ह्यांना बाहेर मातीच्या भांड्यात. पुढं त्यांचाच भाऊ विठ्ठल १९२३ ला, धर्मावरनं टीम असायच्या त्या काळी, हिंदू संघाचा कॅप्टन झाला. चहाचं ऐकल्यावर एक पोरगं लगेच म्हणालं, सर, आमच्या शाळेत शाहू महाराजांचं शिकवलं, ते दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायचे. भाऊसिंगजी रोडला होतं ते हॉटेल. सर म्हणाले, बरोबर, आता मला सांगा महाराजांना चहाची तलफ आली होती काय? आणि मग त्यावर पोरं अर्धा तास बोलत होती. मी डबा हातात धरून उभीच.

फिफानं २०२४ मध्ये एक खूण ठरवलीय, दोन्ही मनगटं एकमेकांवर फुली करून वर धरायची, म्हणजे माझ्यावर वंशावरनं काहीतरी बोललं गेलंय, मग रेफ्री मॅच थांबवू शकतो, तरी चालू राहिलं तर खेळाडूंना आत पाठवू शकतो, आणि तरीही थांबलं नाही तर मॅचच रद्द. ती खूण आमच्या पोरांना येते. गल्लीतल्या स्पर्धेतल्या रेफ्रीला ती माहीत असेलच असं नाही, हे सरपण सांगतात, म्हणून तोंडानं सांगायचं आधी.

आता असं समजू नका की इथं सगळं बरोबरच होतं. एक गोष्ट सरांची चुकली आणि ती त्यांनी चारचौघात मान्य केली, म्हणून लिहितेय. आमच्या टीममध्ये एक राइट बॅक आहे, लई गुणी पोरगं, फार बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात एका मॅचला समोरची दोन पोरं त्याच्या मागं लागली, तुझं आडनाव काय रे, सांग की, आडनाव काय. जर्सीवर आडनाव छापलेलं होतंच, ते वाचून परत परत मोठ्यानं म्हणायची आणि हसायची. आता यात शिवी कुठं आहे? कागदावर लिहिलं तर नुसतं एक आडनाव. रेफ्रीला सांगितलं तर रेफ्री म्हणाला, आडनाव घेतलं तर काय झालं. पण आपल्याकडं आडनाव कसं विचारतात आणि का विचारतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, घर भाड्यानं घेताना माहीत असतं, तसंच.

सरांनी मॅचनंतर ठरवलं की नवीन जर्सीवर आडनावं नकोत, फक्त नंबर आणि पोराचं नाव. सगळ्यांना बरं वाटलं, मलापण वाटलं की छान उपाय आहे. रविवारी पालकांची मीटिंग होती, त्यात त्या पोराचे वडील आले, उद्यमनगरात कामाला आहेत, सुट्टी म्हणून घरच्या कपड्यांवरच आले होते. ते उठून म्हणाले, सर, माझ्या पोराचं आडनाव काढू नका. आम्ही काय चोरून आणलेलं नाही ते. त्याच्या आज्याचं आहे. राहू दे पाठीवर, मोठं छापा, बोलणाऱ्यानं तोंड सांभाळावं.

कुणी काही बोललं नाही. सर उभेच होते, म्हणाले, माझं चुकलं, मी लपवायला निघालो होतो. मग त्यांनी असंही सांगितलं की जातीवरनं चारचौघांत अपमान हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, समोर लहान पोरं आहेत तर पुढं कसं जायचं ते तुम्ही ठरवा, तक्रार करायची असेल तर वही घेऊन मी आणि मॅडम साक्षीला येतो. त्यांनी तक्रार केली नाही, त्यांचा निर्णय, पण आधी विचारलं गेलं याला किंमत आहे. आडनावं राहिली. त्या पोराचं आडनाव सगळ्यांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात छापून आलंय, प्रिंटिंगवाल्याची चूक आहे का सरांनी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

आणि आता आपल्याच पोरांचं. हे लिहायला जड जातंय पण लिहिलंच पाहिजे. मार्चमध्ये सेमीफायनल होती, समोर तालुक्याकडची टीम, त्यांचा कीपर अंगानं जाड. आमच्या कॅप्टननं, तोच कॅप्टन ज्यानं माझ्या लेकीच्या अर्जावर सही केली होती, त्यानं पहिल्या हाफमध्ये त्या कीपरला त्याच्या अंगावरनं आणि त्याच्या गावाकडच्या बोलण्यावरनं काहीतरी म्हटलं आणि आमची तीन-चार पोरं हसली. समोरच्या टीमनं तक्रार केली नाही. रेफ्रीनं ऐकलं नाही. आमच्याच लेफ्ट हाफनं, दहा वर्षांच्या पोरीनं, बेंचवर येऊन मॅडमला सांगितलं.

सरांनी हाफ टाइमला कॅप्टनला बाहेर बसवला. आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड, ०-० चालू, सेमीफायनल. पालकांतनं ओरडा सुरू झाला, सर नंतर बघा की, घरी गेल्यावर बोला, आणि खरं सांगते, त्या ओरडण्यात माझापण आवाज होता. माझ्या पोरीवर आलं तेव्हा मला न्याय पाहिजे होता आणि आता फायनल पाहिजे होती. १-० नं हरलो. मॅच संपल्यावर सर कॅप्टनला आणि त्या हसलेल्या पोरांना घेऊन समोरच्या टीमच्या तंबूपाशी गेले, कॅप्टननं त्या कीपरसमोर उभं राहून काय म्हटलं होतं ते परत न बोलता माफी मागितली. तो कीपर नुसता हो म्हणाला आणि बूट सोडत बसला. त्याची आई मात्र तिथं होती, तिनं आमच्या कॅप्टनकडं बघितलंच नाही. मी तिच्याकडं बघत होते. मला लेकीच्या वहीचा तो दिवस आठवला आणि मी आमच्या ग्रुपवर त्या रात्री जे भांडण चाललं होतं त्यात लिहिलं की सरांचं बरोबर होतं. दोन पालकांनी पोरं काढली. कॅप्टन क्लासला आहे अजून, महिनाभर दंडावर कॅप्टनचा आर्मबँड नव्हता, मग परत मिळाला.

लेकीचं विचाराल तर, ती पहिली टीम परत समोर आली, सहा महिन्यांनी, दुसऱ्या स्पर्धेत. तोच नंबर, तेच पोरगं, आता मिशी फुटायला लागलेली. कॉर्नरला परत येऊन चिकटला. तिनं कॅप्टनला नावानं हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. राइट बॅक पळत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, गप्प, त्याच्या पाठीवर ते मोठं आडनाव. कॅप्टन हात मागं बांधून रेफ्रीकडं गेला. रेफ्रीनं त्या पोराला जवळ बोलवून सांगितलं आणि कॉर्नर परत घ्यायला लावला. त्या कॉर्नरवर गोल झाला की नाही विचाराल तर झाला, हेडर होता, चांगला होता. २-२ सुटली मॅच. त्या पोरानं माफी वगैरे काही मागितली नाही. पण येताना गाडीवर मागं बसून ती सगळा रस्ता त्या हेडरबद्दलच बोलत होती, मी पुढं यायला पाहिजे होतं, पंच करायला पाहिजे होता, आणि त्या पोराचा विषय खासबागेजवळ भेळ खाताना मीच काढला तर म्हणाली, तो होय, तो वहीत लिहिला की मॅडमनी.

आता तक्रारी. मेसेज फार उशिरा येतात, पावसात क्लास आहे की नाही हे सकाळी पावणेसहाला कळतं, पोरं उठून तयार झालेली असतात. गोलाला जाळी एकाच बाजूला आहे. गोलकीपरला वेगळी प्रॅक्टिस आठवड्यातनं एकदाच, ती वाढवायला पाहिजे. पालकांची मीटिंग नेहमी रविवारी दुपारी, ज्यांची कामाची सुट्टी सोमवारी असते त्यांनी काय करायचं? फी परत मिळत नाही, मधेच सोडलं तर. आणि सरांचा आवाज मोठा आहे, लाजऱ्या पोराला सुरुवातीला दडपण येतं, पण मॅडमकडं गेलं की निभतं.

ज्यांना फक्त कप पाहिजे, फोटो पाहिजे, त्यांनी इथं घालू नका, तुम्ही आणि सर दोघंही वैतागाल. ज्यांचं पोर कुठंतरी असं काही ऐकून घरी आलंय आणि सांगत नाहीये, त्यांनी एकदा शनिवारी सातला येऊन नुसतं बाहेर उभं राहून गोंधळ प्रॅक्टिस बघा, पैसे लागत नाहीत. आणि तुमचं पोर दुसऱ्या कुठल्या क्लासला असेल तर तिथल्या सरांना एवढंच विचारा की कुणी माझ्या पोराला जातीवरनं किंवा रंगावरनं बोललं तर तुम्ही नेमकं काय करता. काय उत्तर येतंय बघा.

पाचवा स्टार राखून ठेवलाय तो एका कारणासाठी. इथं अकरा मुली खेळतात आणि मुलींना कपडे बदलायला जागा नाही, संडास मैदानापासनं लांब आहे आणि त्याला आतनं कडी नाही, दोघीतिघी मिळून जातात आणि एकजण बाहेर दार धरून उभी राहते. सरांना तीनदा सांगून झालंय, ते म्हणतात जागेच्या मालकाशी बोलणं चाललंय. निदान कडी तरी या महिन्यात बसवा सर, ज्या दिवशी बसेल त्या दिवशी मी इथं येऊन पाच करते.